'प्रशस्त' चेकलिस्टबद्दल, पालकांनी प्लीज वाचा

नमस्कार मंडळी, तेच तेच विचारताय म्हणून एकदाच सगळं लिहिते. बाई मोबाईलवर मुलांची जी माहिती भरतायत ते एनसीईआरटीचं (शालेय अभ्यासक्रम आणि पुस्तकं ठरवणारी केंद्राची संस्था) 'प्रशस्त' ॲप आहे, २०२२ ला आलेलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यांची लक्षणं मुलात दिसतात का हे बघायची ती चेकलिस्ट, पहिला भाग वर्गशिक्षक भरतात, शंका वाटली तर दुसऱ्या भागासाठी विशेष शिक्षक बघतात आणि मग तपासणीला पाठवतात. नुसतं यादीत नाव आलं म्हणजे शिक्का बसला असं अजिबात नाही हो, दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट डॉक्टरांकडूनच मिळतं.

आणि 'आळशी आहे, मोठा झाला की येईल वाचायला' असं म्हणत चार-चार वर्षं घालवू नका. माझ्याच पोराचं आम्ही तेच केलं, मग दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी पळापळ, कारण बोर्डाचा जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती त्या सर्टिफिकेटवरच मिळतात. आधी निदान डोळे आणि कान तरी तपासून घ्या, बऱ्याचदा गाडी तिथेच अडलेली असते.

४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वयापर्यंत शिक्षण मोफत, आणि जवळची नेहमीची शाळा की विशेष शाळा हे आपण ठरवायचं. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज ऑनलाइन होतो.

शनिवारच्या पालकसभेला मुलाचं आधार, फोटो आणि जुने रिपोर्ट असतील तर घेऊन या. आणि कुणाच्या मुलाचं नाव ग्रुपवर टाकू नका, बाईंना पर्सनलवर विचारा.