नाणेघाटात बारा मिनिटं आणि जेवायला हायवेवर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या सुनेने आम्हा दोघांसाठी पुण्याहून निघणाऱ्या एका दिवसाच्या सहलीचं बुकिंग केलं. माणशी १८०० रुपये. ‘इतिहास, वारसा आणि गावरान चव’ अशी जाहिरात होती आणि सहल नेमकी आमच्या जुन्नर तालुक्याची. मी मूळचा ओतूरचा. एसटीत ३१ वर्षं वाहक होतो, त्यातली बरीचशी जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या गाड्यांवर गेली. आपला मुलूख दुसरं कुणी कसं दाखवतं ते बघावं म्हणून मोठ्या हौसेने गेलो. त्या दिवशी जे पाहिलं त्याचं वाईट वाटलं, ते अजून मनातून जात नाही. म्हणून हे पत्र.

पहाटे साडेपाचला पुणं सोडलं. ओझरचा विघ्नेश्वर, लेण्याद्री, शिवनेरी, जेवण, नाणेघाट आणि परत, असा बेत. शिवनेरी उतरून खाली आलो तेव्हा दीड वाजला होता. पोटात भूक, समोर जुन्नर गाव. गाडी मात्र नारायणगावच्या दिशेने निघाली, कारण जेवणाची ताटं हायवेवरच्या एका हॉटेलात ठरलेली होती. पनीरची भाजी, तंदुरी रोटी, जिरा राइस, गुलाबजाम. गावरान चवीच्या नावाने वाटीभर ठेचा. जेवण होतं चांगलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्नर ते नारायणगाव पंधरा किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन तीस. जुन्नरहून नाणेघाटही जवळपास तेवढाच लांब. जेवणापायी जेवढा रस्ता तुडवला, तेवढ्यात आम्ही घाटमाथ्यावर पोचलो असतो. वाहकाचं लक्ष घड्याळावर असतंच. जेवणाच्या या फेऱ्यात दोन तास दहा मिनिटं गेली. नाणेघाटाच्या गुहेत आम्हाला मिळाली बारा मिनिटं.

त्या गुहेत काय आहे ते सांगतो, म्हणजे बारा मिनिटांचं दुःख कळेल. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरून माल घाट चढून वर यायचा आणि जुन्नरच्या बाजारपेठेत जायचा. त्या वाटेच्या तोंडाशी सातवाहनांनी ही गुहा खोदली. डाव्या-उजव्या भिंतींवर राणी नागनिकेचा लेख आहे, ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत. सुरुवातीला इंद्राला, संकर्षण-वासुदेवाला, चंद्र-सूर्याला नमन आहे. पुढे यज्ञांची यादी आणि प्रत्येक यज्ञात काय दान दिलं त्याचा हिशेब: गाई, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण नाणी. हे सगळं आकड्यांत कोरलंय. भारतात अंक लिहिल्याचे जे फार जुने पुरावे आहेत, त्यांत हा एक. भगवानलाल इंद्रजींनी १८७० च्या दशकात याच आकड्यांचा अभ्यास केला. मी आयुष्यभर तिकिटांचा हिशेब लिहिला, त्यामुळे दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी इतक्या चोखपणे दगडात हिशेब मांडला हे बघून प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो.

आणि मागची भिंत. तिथे एकेकाळी राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आज मूर्ती नाहीत, खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. वर नावं मात्र शाबूत: सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. ‘महारठी’ हा शब्द आपल्या मुलखाच्या नावाशी जोडणारे अभ्यासक आहेत. माणसं गेली, मूर्ती फुटल्या, पावलं आणि नावं राहिली. तिथे पाच मिनिटं नुसतं उभं राहिलं तरी माणूस गप्प होतो.

आमच्या गाइडने बाहेरचा दगडी रांजण दाखवला, ‘हा त्या काळचा टोलनाका’ असं सांगितलं आणि सगळ्यांना फोटो काढायला कड्यावर नेलं. आमच्या गाडीत बँकेत नोकरी करणारी एक मुलगी होती. ती गुहेतच थांबून हवेत बोट फिरवत एकेक अक्षर गिरवून बघत होती. मी तिला ‘क’ ओळखायला शिकवलं, नुसती अधिकाची खूण. मग तिला भिंतीवर सगळीकडे ‘क’ दिसायला लागले. मोजता मोजता तिचा चेहरा असा फुलला होता! एवढ्यात बाहेरून शिट्टी झाली. गाडीकडे चालताना तिने मला दोनदा विचारलं, ‘काका, इथे परत कसं यायचं? एसटी आहे का?’

गाइडवर माझा राग नाही. तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा, जिल्ह्याबाहेरचा, हातात दोन पानांचा छापील कागद आणि डोक्यावर चार ठिकाणं. लेण्याद्रीला त्याने गिरिजात्मजाची कथा छान सांगितली. पण ज्या दालनात गणपती बसलाय तो बौद्ध भिक्खूंचा विहार आहे, भोवतीच्या खोल्या त्यांच्या राहण्याच्या, आणि शेजारच्याच लेण्यात स्तूप असलेलं चैत्यगृह आहे, हे राहून गेलं. स्तूप न बघताच सगळे पायऱ्या उतरले. एका डोंगराला दोन धर्मांच्या माणसांनी आपलं मानलं, ही गोष्ट सांगायला दहा मिनिटं पुरली असती.

शिवनेरीवरही तसंच. १९ फेब्रुवारी १६३० ला महाराज जिथे जन्मले त्या वास्तूपुढे माथा टेकला, शिवाईचं दर्शन घेतलं, धन्य वाटलं. पण गडाच्या कड्यात कोरलेल्या लेण्यांविषयी चकार शब्द नाही. तिथल्या एका शिलालेखात चिट नावाच्या यवनाने (यवन म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक) भिक्खुसंघाला भोजनमंडप दान दिल्याची नोंद आहे, दुसऱ्यात इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी दिल्याची. परदेशी वळणाची ही माणसं इथे येऊन इथल्यांच्या जेवणाची आणि पाण्याची सोय करून गेली. त्याच गडाच्या पायथ्याशी आलेल्या पाहुण्यांना आम्ही जेवायला पंधरा किलोमीटर लांब नेतो.

आता जेवणाचंच बोलतो. घाटघरच्या बाजूला मुक्कामाची गाडी घेऊन जायचो, त्या वेळची गोष्ट. पावसाळ्यात रात्री गाडी लागली की गाव झोपलेलं असायचं. एका घरात चूल मात्र आमच्यासाठी जागी ठेवलेली. तिथल्या आजी म्हणायच्या, ‘मास्तर, जेवल्याबिगर पडू नका.’ नाचणीची भाकरी, कुर्डूची नाहीतर भारंगीची भाजी, वाफाळता भात आणि वर पातळ आमटी. भारंगी कडवट असते, ती आधी उकडून पाणी काढून टाकतात, हे मला त्या आजींनीच सांगितलं. हिरडा कधी गोळा करायचा, कसा वाळवायचा, व्यापारी भाव कसा पाडतात, हेही त्यांच्याच ओट्यावर ऐकलं. आज एखाद्या सहलीने त्या ओट्यावर वीस माणसं नेली, तर त्यांना जेवणही मिळेल आणि माहितीही, आणि पैसे त्या घरात राहतील.

इकडे ओतूर-जुन्नरकडे मासवडी. नावात मासा आहे, पण पदार्थ पूर्ण शाकाहारी. आमच्या घरी सणावाराला होते. सुकं खोबरं, तीळ, खसखस, कांदा, लसूण वेगवेगळं खमंग भाजून सारण कुटायचं, त्यात भरपूर कोथिंबीर. हरभरा डाळीच्या पिठाचं घट्ट पिठलं रटरटवून गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं. त्यावर सारण पसरून फडक्यासकट वळकटी वळायची आणि हाताने दाबत माशासारखा आकार द्यायचा. पीठ गार झालं की चिरतं, म्हणून हात भाजले तरी थांबता येत नाही. आमच्या सौ.च्या बोटांना त्याची सवय झालीय. मग वड्या कापायच्या, कापल्यावर मधली काळपट नक्षी दिसते. सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. हायवेवर ताट पुढे आलं तेव्हा ती हळूच म्हणाली, ‘अहो, आपल्या गावाला आणून यांनी आपल्याला पनीर खाऊ घातलं.’ मला काही बोलता आलं नाही.

राज्य सरकारने २०१८ साली जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं. दोनशेहून जास्त लेणी असलेला हा तालुका, खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण, नारायणगावची तमाशाची परंपरा. हे एका दिवसात मावणार नाही, आणि मावतं असं सांगून तिकीट विकणं बरोबर नाही. माझं सहल काढणाऱ्या सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे की एका दिवशी एकच बाजू धरा. पश्चिमेला जायचं तर वाटेत पूरचं कुकडेश्वराचं कोरीव मंदिर बघा, चावंडचा किल्ला पायथ्यावरून दाखवा, दुपारी घाटघरात जेवा आणि नाणेघाटाला दोन तास द्या. शिवनेरी-लेण्याद्री दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला हजारो पोरं घाटावर येतात आणि गुहेच्या दारावरून निघून जातात. त्यांच्यातली चार जरी आत वळली तरी खूप.

गाइड इथल्याच गावांतले घ्या. आमच्या पश्चिम पट्ट्यातली पोरं-पोरी बारावी, बी.ए. होऊन चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर जातात. ब्राह्मीची अक्षरं शिकायला मन लावलं तर महिना-दीड महिना पुरतो. मी स्वतः निवृत्त झाल्यावर शिकलो. नागनिकेच्या मुलखातली मुलगी नागनिकेचा लेख भिंतीवरून वाचून दाखवते आहे, असं चित्र मला बघायचं आहे. तालुक्यातल्या महाविद्यालयांनी आणि ग्रामपंचायतींनी मनावर घेतलं तर हे अवघड नाही. ज्यांना शिकायचंय त्यांना अक्षरओळख करून द्यायला मी दर रविवारी विनामोबदला यायला तयार आहे.

राहता राहिला जेवणाचा प्रश्न. जेवण गावातच का नाही, असं मी त्या दिवशी व्यवस्थापकांना विचारल्यावर ‘गावात इतक्या माणसांची सोय कशी होणार?’ असं मलाच उलट विचारलं गेलं. परत आल्यावर मी आमच्या गावातल्या बचत गटाच्या बायकांशी बोललो. चाळीस माणसांची मासवडी-भाकरी त्या सहज करतील. त्यांचं म्हणणं एवढंच, की माणसं किती येणार ते दोन दिवस आधी कळवा. सारणाचं खोबरं आदल्या रात्री किसून ठेवावं लागतं.

आपला नम्र,
एक निवृत्त एसटी वाहक
ओतूर, ता. जुन्नर, जि. पुणे