कॉकर घ्या, पण पिल्लू नको

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, कॉकर स्पॅनियल कुत्रा तुमच्या फारच मनात भरलाय, असं आईकडून कळलं. फोटो पाहिला. ते डोळे बघून कोणीही विरघळेल. पण दिसतो तसा हा सोफ्यावर लोळणारा गडी नाही. शिकारीत झुडपांतून पक्षी उठवायला इंग्लंडात तयार केलेली ही जात. वुडकॉक पक्ष्यावरून तर नाव पडलंय. त्याला रोज तासभर तरी हिंडवावं लागतं. कोपऱ्यापर्यंत नेऊन आणलं, झालं, असं चालत नाही. कंटाळला की भुंकून सोसायटी डोक्यावर घेईल. त्यातून आपल्याकडे लिफ्ट नाही. पिल्लाला सुरुवातीला दर दोन-अडीच तासांनी शू करायला न्यावं लागतं. तुमचा गुडघा तितक्यांदा 3 मजले चढणार आहे का?

कानांचं वेगळंच. लांब, जड, आत वारा लागत नाही. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ओल राहिली की खाज आणि घाण वास ठरलेला. आठवड्याला कान उलटून बघायचे, डॉक्टर देतील त्या औषधाने पुसायचे. जेवताना ते ताटलीत लोळतात, म्हणून अरुंद तोंडाचं खोलगट भांडं लागतं. कानामागे, काखेत केसांच्या गाठी होतात, रोज विंचरलं नाही तर कात्रीच लावावी लागते. पण हे सगळं तुम्ही रेडिओ ऐकत हौसेने कराल, त्याची मला खात्री आहे.

खात्री नाही ती आईची. आई, तो तोंडाकडे बघत बसणार आणि तू तूप लावलेली पोळी देणार. ही जात पटकन सुटते. वजन 13-14 किलोच्या आसपासच राहायला हवं. शिऱ्यातला बेदाणा चुकूनसुद्धा नको, त्याने कुत्र्याची किडनी जाऊ शकते. कांदाही विषारी, म्हणजे पोह्यांचा घासही नाही. जमेल तुला?

कॉकर 12-14 वर्षं जगतो. बाबा, तुम्ही 74 वर्षांचे. राग मानू नका, हा हिशोब कोणीतरी करायलाच हवा. पुढेमागे तो आमच्याकडे येईल, हे आम्ही दोघांनी ठरवलंय. पण 4-5 वर्षांचा, शी-शूची सवय असलेला, घरच्यांना ठेवणं जमत नाही असा एखादा मिळाला तर तो जास्त बरा. आधी 8 दिवस आणून बघा. जिना त्याला झेपतो का, आईच्या पायात घोटाळतो का, शेजारच्या पोरांवर गुरगुरतो का, सगळं कळेल. इथल्या डॉक्टरांना मी शब्द टाकलाय.

तोवर त्या पिल्लूवाल्याला ॲडव्हान्स देऊ नका. रविवारी फोन करते.

तुमची,
चिमी