शवपेटीवर चिठ्ठी ठेवणाऱ्या दादास

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

२४ ऑगस्ट २०१६ च्या पहाटे ३ वाजून ३६ मिनिटांनी अमात्रिचे, अक्कुमोली, पेस्कारा देल त्रोंतो ही इटलीच्या डोंगरातली गावं भूकंपाने खाली बसली. २९९ माणसं गेली. तीन दिवसांनी आस्कोली पिचेनोच्या सामूहिक अंत्यविधीत एका चिमुरडीच्या शवपेटीवर तुम्ही हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवलीत. बचाव पथकाला ढिगाऱ्यापर्यंत यायला उशीर झाला म्हणून तिची माफी मागितलीत.

त्या चिठ्ठीसाठी हे पत्र. आभार सगळ्याच बचाव पथकांचे आहेत, पण मन अडकलंय ते त्या कागदाशी. माफी मागायची पाळी तुमची नव्हती, दादा.

तिथल्या जुन्या घरांची भिंत दिसते एक, असते दोन. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये चुरा आणि कमजोर चुना. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नाहीत. हादरा बसला की बाहेरच्या थराला पोट सुटतं, तो रस्त्यावर पडतो आणि छत आत येतं. त्यातच कित्येक घरांवरचं हलकं लाकडी छप्पर काढून काँक्रीटचा स्लॅब टाकलेला. वर अवजड आणि ताठ स्लॅब, खाली तीच पोकळ भिंत! अमात्रिचेची शाळा तर २०१२ साली भूकंपाच्याच नावाने दुरुस्त झाली होती. चार वर्षांत तिचा मोठा भाग कोसळला. सुट्टीचे दिवस आणि पहाटेची वेळ, म्हणून मुलं वाचली. उशीर तिथे झाला होता, आणि तो वर्षानुवर्षांचा होता.

काँक्रीटचे मजले पडले की स्लॅबखाली कुठे कुठे तिकोनी पोकळी राहते. दगडी घर पडलं की चुरा प्रत्येक फट भरून टाकतो, धूळ श्वास कोंडते. म्हणून मिनिटांचा हिशेब. तिथे थेट यंत्र घातलं तर राहिलेली फटही बुजते. दगड वरूनच काढायचे, घमेलं हातोहात पुढे द्यायचं, मध्येच सगळी इंजिनं बंद करून कान लावायचा. हे सगळं धक्के चालू असताना.

नंतर उभ्या भिंतींना तुमच्या लोकांनी लावलेले तिरके टेकू पाहून हात जोडावेसे वाटतात. भिंतीला सपाट फळी, जमिनीवर रुंद पाट, मध्ये वासा आणि बुडाशी समोरासमोरून ठोकलेल्या दोन पाचरी. पाचर ढिली राहिली तर टेकू पुढच्या धक्क्यात निसटतो. जास्त ठोकली तर भिंतच आत ढकलली जाते. शिवाय लाकूड सुकतं, आकसतं, म्हणून प्रत्येक मोठ्या धक्क्यानंतर परत फिरून पाचरी तपासाव्या लागतात. ज्या घरात आता कुणी राहत नाही, त्याची पाचर तपासायला परत जाणारा माणूस भला असतो, एवढं आम्हाला कळतं.

नोर्चा तिथून फार लांब नाही. १९७९ आणि १९९७ च्या भूकंपांनंतर तिथल्या बऱ्याच घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी सळया ओवल्या, टोकांना बाहेरून पट्ट्या कसल्या. ३० ऑक्टोबर २०१६ ला ६.५ चा धक्का आला. चर्च पडली, पण गावात माणूस गेला नाही. बरेच जण आधीच घराबाहेर होते हे खरं, पण ऑगस्टमध्येही ती घरं टिकली होती.

किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे अशाच दुपदरी दगडी भिंती पडल्या, वर मातीचं जड माळवद घेऊन. तिथल्या ढिगाऱ्यांतही कुणी ना कुणी हाताने दगड उपसत होतं. त्या हातांचे आभार कुणी लिहून मानले असतील-नसतील, तेही या पत्रात आहेत असं समजा.

आणि तुमच्या चिठ्ठीतली ती मुलगी... तिच्या अंगाखालून तिची धाकटी बहीण कित्येक तासांनी जिवंत निघाली. तिच्यापर्यंत तुम्ही लोक वेळेत पोहोचलात.

आपले,
दगडी घरांच्या दुरुस्तीत काम करणारे काही जण