कातरणीनंतर मेंढ्यांसाठी फिरता हौद हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला की माणदेशात मेंढ्यांची कातरणी उरकते आणि वाडे, म्हणजे मेंढपाळांचे फिरते कळप, चाऱ्यासाठी पश्चिमेकडे सरकतात. गोचीड, उवा आणि खरजेवर औषध करायची खरी वेळ हीच. वाढल्या लोकरीत औषध वरच्यावर राहते, कातरलेल्या अंगावर ते कातडीपर्यंत पोचते. पण औषधाच्या पाण्यात मेंढी बुडवता येईल एवढा हौद फिरत्या वाड्याकडे असणार कुठून?

मग पिकाचा पंप पाठीला लावून, हाताशी असेल ते शेतीचे औषध अंदाजाने पाण्यात कालवून मारले जाते. फवारा पडतो पाठीवर आणि गोचीड बसलेला असतो कानात, काखेत, जांघेत, शेपटीखाली. शेपटी उचलून पाहा, मक्याच्या दाण्याएवढे टरारून फुगलेले गोचीड दिसतील. अशा मेंढीची खालची पापणी ओढली तर रक्त कमी झाल्याने आतला लाल रंग फिका पडलेला असतो.

कातरणीच्या दिवशीच औषध मारण्याची घाईही वाईट. कातरीचे ओरखडे ओले असतात. आधी ते सुकू द्यावेत, माशी बसून अळ्या पडणार नाहीत याची काळजी घ्यावी. साधारण दोन आठवड्यांनी, उघडीप बघून, सकाळी मेंढ्यांना पोटभर पाणी पाजून मगच औषधी आंघोळ घालावी, कारण तहानलेली मेंढी हौदातलेच पाणी पिते. या किड्यांची अंडी औषधाने सहसा मरत नाहीत, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा एकदा आंघोळ लागते. गोचिडाची मादी अंडी घालायला जमिनीवर उतरते. वाघर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, रोज नव्या जागी लागते तिथे ही अंडी मागे राहतात आणि निभते, घरच्या कायम कोंडवाड्यात मात्र भिंतीच्या फटीही फवाराव्या लागतात. उरलेले पाणी ओढ्याला सोडू नये, सायपरमेथ्रिन-डेल्टामेथ्रिनसारख्या गोचिडाच्या औषधांनी मासे मरतात.

पशुसंवर्धन विभागाला माझी कळकळीची विनंती आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसेल असा एक हौद, योग्य औषध आणि ते मोजून घालणारा माणूस एवढे कातरणीच्या हंगामात म्हसवड, दहिवडीसारख्या बाजारगावांत फिरवावे. मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र दहिवडीलाच आहे, सुरुवात तिथून होऊ शकते. राज्य सरकारच्या मेंढीपालनासाठीच्या महामेश योजनेत २० मेंढ्या आणि १ नर ७५ टक्के अनुदानावर मिळतात. ती जनावरे जगवायलाही सरकारने हात द्यावा. वाडे दिवाळीनंतर लांब जातात, तेव्हा हौद त्याआधीच गावात आला पाहिजे.

– एक मेंढपाळ, ता. माण, जि. सातारा