म्हापशाच्या बाजारातल्या दुकानदार काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण शुक्रवारच्या ऐन गर्दीत भिंग लावून सूप क्यूबच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचणारा दुकानदार म्हापशात एकच, तेव्हा ओळखायचे ते ओळखतील.

धाकटीला सिलिअ‍ॅक निघालं, म्हणजे गहू-जवातलं ग्लूटेन हे प्रथिन तिला बाधतं असं कळलं, तेव्हा पोळी, पाव, रवा लगेच बंद झालं. ते सोपं होतं. आडून येणारा गहू कसा ओळखायचा ते तुम्ही शिकवलंत. एका पाकिटात मैदा, दुसऱ्यात हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन. तिसऱ्यात माल्ट, म्हणजे बहुतेक वेळा जवच. सोया सॉस असेल तर त्यातही बहुधा गहू. "हिरवा ठिपका शाकाहाराचा, त्याच्यावर जाऊ नका," म्हणालात. 'ग्लूटेन-फ्री' छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, हा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियमही तुम्हाला पाठ. आणि मग हळूच विचारलंत, "घरातला हिंग बघितलात?" बांधानी, म्हणजे पीठ घालून बांधलेल्या, हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही नव्हतं. तांदळाच्या पिठावर बांधलेली डबी तुम्हीच मागवून दिलीत.

पण खरे आभार सुट्या तांदळाच्या पिठासाठी. मी मागितलं आणि तुम्ही चक्क दिलं नाहीत. "गिरणीत आधी गहू दळलेला असतो, आणि याच मापानं मी रवाही भरतो. पोरीला नको." हातचं गिऱ्हाईक असं कोण परत पाठवतं हो?

वर उपायही सांगितलात. "मे महिन्यात पुरुमेंताला गलमो भरता ना? मग क्यूब कशाला?" तेव्हापासून पावसाळ्याच्या बेगमीतली ही गलमो, म्हणजे सुकी बारीक कोळंबी, मंद आचेवर कुरकुरीत भाजते, हातानं चुरून डोकी-पाय पाखडते आणि मिरीबरोबर मिक्सरला फिरवते. चमचाभर पूड उकळत्या पाण्यात टाकली की सूपचं पाणी तयार. मीठ मात्र चाखूनच, गलमो मुळातच खारट. दाटपणाला उकड्या तांदळाच्या पेजेचं पाणी घालते, कॉर्नफ्लॉवरची आठवणही येत नाही. ताजी सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणली की डोकी-सालं खोबरेल तेलात कांद्याबरोबर परतून, उकळून गाळते आणि बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून ठेवते. धाकटी त्यांना 'आमचे क्यूब' म्हणते.

श्रावणात यातलं काहीच चालत नाही. तेव्हा कांदा, गाजर, कोथिंबिरीचे देठ आणि सुके मशरूम. चव बरी येते, पण गलमोची सर नाही, हे तुमच्यापाशी कबूल करायला हरकत नाही.

हिंगाची डबी संपत आलीय. नवीन माल आला की दोन बाजूला काढून ठेवा. आणि या वेळी पैसे घ्या.

तुमची,
धाकटीची आई