बाबांना सूर विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलता. समोर बसून बोलायचं तर माझाच गळा दाटून येतो. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड, चारचौघांना वाचता येईल असं. नाव लिहू नकोस म्हणालात, ते पाळते. डोंबिवलीतले रेडिओवाले काका, एवढं पुरे आहे.

बाबांचा ॲम्प तुम्ही दुरुस्त केलात, त्याचे आभार आहेतच. पण मला ज्याबद्दल लिहायचंय ते त्याच्याही आधी घडलं. तुम्ही तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतलासुद्धा नव्हता.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं सांगते. बाबांचा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर, व्हॉक्स एसी३० जातीचा. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या डार्टफर्डला १९६०च्या दशकात बनलेला, डिक डेनी यांच्या रचनेचा. आत ईएल८४ नावाचे चार व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असतात तशा काचेच्या ट्यूब, बारा इंची दोन स्पीकर, आणि वजन असं की एकट्याने जिना चढवणं अशक्य. सत्तरच्या दशकात बाबा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. त्यांच्यातलाच एक गोवेकर वादक कायमचा कॅनडाला निघाला, त्याच्याकडून बाबांनी हा घेतला. परदेशातून नवं वाद्य मागवणं तेव्हा साध्या वादकाच्या आवाक्यातलं नव्हतं, त्यामुळे असा माल या हातातून त्या हातात जायचा. गिरगावातले गणपती, लग्नं, कामगारांची स्नेहसंमेलनं, सगळीकडे हा ॲम्प टॅक्सीतून हिंडला आहे. आमच्या घरात त्याला कुणी वस्तू म्हटलेलं मला आठवत नाही.

मागच्या काही वर्षांत तो सुरू केला की घुमायला लागला. गिटारची वायर न जोडताही एक जाड, सलग घूं यायची, आणि मधूनच तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब पडावा तशी चरचर. बाबा आधी चिडले, मग गप्प झाले, मग त्यांनी ॲम्पवर चादर टाकली.

आम्ही काही केलं नाही असं नाही. एका मोठ्या दुकानाने पुढचे सगळे छोटे व्हॉल्व्ह बदलले आणि त्याचे भरपूर पैसे घेतले. घूं होती तिथेच. व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी ती तेवढीच ऐकू येते, म्हणजे दोष व्हॉल्यूमच्या आधीच्या व्हॉल्व्हमध्ये असणं कठीण, हे तुम्ही बसल्या बसल्या सांगितलंत. त्यांनी ते बटण फिरवूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या एकाने तर प्लगमधली अर्थिंगची वायर कापून टाकली. “असं केलं की हम जातो,” म्हणे. गेला नाहीच. गिटारच्या तारा ॲम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. आत कुठे वीज पत्र्यावर उतरली असती तर ती माझ्या बाबांच्या बोटांतून गेली असती. हे लिहिताना आजही माझा हात थरथरतो. त्या माणसाने आम्हाला हसतमुखाने पावती दिली होती.

पण सगळ्यात जास्त लागलं ते तिसऱ्याचं बोलणं. त्याने ॲम्प उघडला नाही, ऐकलाही धड नाही. बाबा शेजारी बसलेले असताना तो माझ्याशी बोलत होता. “या वयात अंकलच्या कानात तसं वाजत असेल. जुन्या ट्यूब ॲम्पला एवढा आवाज असतोच, त्यांना डिजिटल घेऊन द्या.” बाबा परतीच्या वाटेवर काही बोलले नाहीत. रात्री पाणी घ्यायला उठले तेव्हा मला हळूच विचारलं, “तुला येतो ना गं तो आवाज?”

काका, आयुष्यभर कानावर जगलेल्या माणसाने असं विचारावं? त्या प्रश्नानंतर मी कुणाकडेच जायचं नाही असं ठरवलं होतं. आईच्या माहेरचा मर्फी रेडिओ तुम्ही जिवंत केल्याचं मावशीने सांगितलं, म्हणून शेवटचं एकदा तुमच्या दारात आलो.

तुम्ही आधी पंखा बंद केलात, मग ट्यूबलाइट. मे महिना होता. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि ट्यूबचा चोक यांची गुरगुरही गिटारमध्ये शिरते, ती आधी बाजूला काढू, म्हणालात. घामाने शर्ट भिजला तरी तुम्ही हलला नाहीत. आणि मग माझ्याकडे नाही, ॲम्पकडेही नाही, बाबांकडे वळून विचारलंत, “आता सांगा, हा कुठल्या सुरात घुमतोय? म्हणून दाखवा बरं.”

बाबांनी डोळे मिटले. थोडा वेळ ऐकलं. मग नाकातून तो सूर धरला आणि म्हणाले, “जी नोट. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट. पण किंचित चढा आहे.”

तुम्ही मान डोलावलीत. “अगदी बरोबर. तुमचा जी सेकंदाला अठ्ठ्याण्णव कंपनांचा, हा शंभरचा. तुम्ही चढा म्हणालात ना, तेवढाच फरक आहे.” कागदावर ९८ आणि १०० असे दोन आकडे लिहिलेत आणि कागद बाबांच्या पुढ्यात सरकवलात.

एवढंच. तुमच्यासाठी ती तपासाची पहिली पायरी असेल. मी बाबांचा चेहरा पाहत होते. ताठ बसले ते. ऑर्केस्ट्राच्या जुन्या फोटोत बसतात तसे.

मग तुम्ही आम्हा दोघांना समजेल असं सांगितलंत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास लाटांची. रेक्टिफायरमधून गेली की तिच्या दोन्ही अर्ध्या लाटा एकाच दिशेला वळतात आणि मागे जी थरथर उरते ती १०० हर्ट्झची. ती जिरवणं हे फिल्टर कंडेन्सरचं काम. इतक्या वर्षांत त्यांच्या आतलं रसायन सुकतं, आणि मग ती थरथर स्पीकरपर्यंत पोचते. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या वायरिंगचा किंवा अर्थिंगचा दोष असता तर सूर एक सप्तक खाली, पन्नासचा लागला असता. म्हणजे ज्या कानांना म्हातारे म्हणून बाद केलं होतं, त्यांनीच अर्धा दोष शोधून दिला होता. तुम्ही ते तसं बोलूनही दाखवलंत, “निम्मं काम तुम्हीच केलंत.”

पुढची दुरुस्ती मी इथे लिहीत बसत नाही. कंडेन्सर बदलले गेले, लाकडी काडीने टकटक करत चरचरणारा रेझिस्टर सापडला, दमलेल्या दोन ईएल८४च्या जागी तुमच्या खणातले, बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह बसले. भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह बनायला लागले, ते सांगताना तुम्ही किती खुलला होतात! त्या व्हॉल्व्हचे पैसे घ्यायला मात्र तयार नव्हता.

अर्थिंगची वायर तुम्ही सगळ्यात आधी जोडलीत. तेवढ्या एका वेळी तुमचा आवाज चढला. आणि ॲम्प बंद असतानाही मला मागे सरायला लावलंत, कारण कंडेन्सरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठलेले असू शकतात, ते आधी उतरवावे लागतात. काढलेला एकेक भाग पाकिटात घालून, वर तो काय आहे ते लिहून परत दिलात. दुसऱ्या चॅनेलचा ट्रेमोलो, म्हणजे आवाज लयीत कमी-जास्त करणारा भाग, मधेच का अडखळतो हे विचारलं तर म्हणालात, “आज सांगता येत नाही. बघावं लागेल.” असं म्हणणारा माणूस मला आधी भेटलाच नव्हता. बाकी सगळ्यांना सगळं माहीत होतं.

हे ॲम्पपुरतं नाही, काका. बँकेत, दवाखान्यात, मोबाइलच्या दुकानात मी बाबांबरोबर जाते तेव्हा समोरचा माणूस माझ्याकडे बघून बोलतो. दुखतं बाबांना आणि कुठे दुखतं ते विचारतात मला. सही बाबांची, खातं बाबांचं, प्रश्न मला. वय झालेलं माणूस आपल्याच गोष्टीत पाहुणं होऊन बसतं. ते वाईट लोक नसतात, घाईत असतात, हे मलाही कळतं. तरी माझं म्हणणं आहे की विचारायला फार वेळ लागत नाही. तुम्हाला किती लागला? पंखा बंद करण्यासकट दोन-चार मिनिटं. अशी माणसं गल्लीगल्लीत असतात, जिना चढून गेल्यावर एका छोट्या खोलीत काम करत असतात, आणि त्यांच्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही. म्हणून मी लिहिते आहे.

बाबा आता रोज संध्याकाळी वाजवतात. शेजारच्या जोशीकाकूंनी भिंतीवर थाप मारून आवाज वाढवायला सांगितलं, कमी करायला नाही! ऑर्केस्ट्रातली उरलेली तीन मंडळी पुढच्या महिन्यात आमच्याकडे जमणार आहेत, अकॉर्डियनसकट. बाबांची इच्छा आहे की तुम्ही आणि काकू दोघांनी यावं. गाडी मी पाठवते, लोकलची दगदग नको. आणि ट्रेमोलोचं गणेशोत्सवाआधी बघूया का, असं बाबा विचारत आहेत. तो कोणत्या लयीत अडखळतो ते त्यांनी आत्ताच मोजून ठेवलंय.

तुमची कृतज्ञ,
गिरगावच्या गिटारवाल्यांची मुलगी