नील तीन वर्षांचा व्हायच्या आत

स्टुटगार्ट, १२ जून

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी इथल्या बेकारी भत्त्याचा विषय काढला तेव्हा तू म्हणालीस, "आई, घरी बसून फुकटचे पैसे मागायला मला नको वाटतं." मी तेव्हा काही बोलले नाही, नील मागे रडत होता. पण रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, कारण अगदी हेच मी एकदा तुझ्या बाबांना म्हणाले होते. तेव्हा आपल्या घराचं किती नुकसान झालं, ते तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

तुझा भाऊ ओम झाला मार्च २००४ मध्ये. मी काम करायचे त्या लॅबमधून मी तीन वर्षांची एल्टर्नत्साइट, म्हणजे मूल सांभाळायची रजा, घेतली. २००७ मध्ये परत जायची वेळ आली तेव्हा किंडरगार्टन साडेबाराला सुटायचं आणि कंपनीला पूर्ण दिवस माणूस हवं होतं. मी नोकरी सोडली. बाबा म्हणाले, "बेकार म्हणून नाव तरी नोंदव." मी म्हटलं, "कामाला गेले नाही आणि पैसे कसले मागू?" सकाळचे तास मोकळे होते. आठवड्याला पंधरा तास काम करायची तयारी असली की बेकारी भत्त्यासाठी पुरतं, हे मला माहीत नव्हतं आणि मी विचारायलाही गेले नाही.

मग २००८ ची दिवाळी आठव. बाबांच्या कंपनीत कुर्झआर्बाइट, म्हणजे कामाचे तास कमी करणं, सुरू झालं, पगार कमी झाला. नोव्हेंबरात मी ओमला घेऊन बेकारी भत्त्याच्या ऑफिसात गेले. भिंतीला लावलेल्या यंत्रातून नंबराची चिठ्ठी घेतली. ओम ती चिठ्ठी आगगाडी करून माझ्या गुडघ्यावरून चालवत होता, घामाने ती मऊ होऊन गेली होती. काउंटरवरच्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी माझे कागद दोनदा वाचले, कॅलेंडर माझ्याकडे फिरवलं आणि पेन्सिलीने रेघ मारून दाखवली. तेव्हा मागची दोन वर्षं बघायचे, त्यात बारा महिने बेकारी विम्याचे लागायचे. ओमच्या तिसऱ्या वाढदिवसापर्यंतचा काळ धरला गेला, पुढचा नाही. माझे जेमतेम साडेचार महिने भरले. "मार्चपर्यंत आला असता तर," त्या म्हणाल्या. आठ महिने उशीर झाला होता, सई. त्या हिवाळ्यात तुझी शाळेची स्कीची सहल रद्द केली, ती याच कारणाने. तू विचारलंस तेव्हा मी बर्फ नीट पडलेला नाही असं सांगितलं होतं.

पण त्या बाई जाता जाता जे बोलल्या ते मला जास्त लागलं. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत आई किंवा बाप त्याला वाढवतो, तो काळ इथे विम्यात धरतात, जणू तुम्ही कामावरच होता. फक्त त्याआधी लगेच नोकरी करून विमा भरत असायला हवं आणि मुलासह राहणं या देशात हवं. माझी तीन वर्षं सरकारने कामात मोजली होती. मीच मोजली नव्हती.

मला तेव्हा आई आठवली, तुझी आजी. १९७२ च्या दुष्काळात आटपाडीला ती खडी फोडायला जायची. मी चार वर्षांची. लिंबाच्या सावलीत मला बसवायची, धाकट्याला झोळीत टांगायची, आणि हातोडा घेऊन बसायची. दुपारी सुकडी मिळायची, ती मी पदराआडून खायचे. खडीचा ढीग ब्रासवर मोजायचे. झोळीतलं पोर रडलं की आई उठायची, पाजायची, परत यायची. शेजारच्या बाईचा ढीग तेवढ्यात वाढलेला असायचा. तेवढ्या वेळाचे पैसे तिला कुणी दिले नाहीत, ते काम आहे असंही कुणी म्हटलं नाही. पण जेवढी खडी फोडली तेवढ्याचा पैसा न् पैसा ती मुकादमासमोर उभं राहून मोजून घ्यायची. लाज नाही, संकोच नाही. त्या पिढीच्या बायांकडून हे शिकायचं राहून गेलं माझं. नंतर महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला १९७७ ला, त्यात कामावरच्या बायकांच्या पोरांना सांभाळायची सोयही आली. आजीच्या वेळी तसलं काही नव्हतं.

म्हणून फुकटचे म्हणू नकोस. हा विमा आहे, १९२७ पासून या देशात आहे. तुझ्या प्रत्येक पगारातून १.३ टक्का कापला जातो, तेवढाच तुझ्या संस्थेकडून जातो. माझ्या वेळी दोघांचे मिळून साडेसहा टक्के जायचे. आग लागल्यावर घराच्या विम्याचे पैसे घेताना कुणी लाजतं का?

आता तुझं बघू. तुझं कॉन्ट्रॅक्ट ३० सप्टेंबरला संपतंय. मुदतीचं कॉन्ट्रॅक्ट एल्टर्नत्साइटमुळे आपोआप लांबत नाही, ते तुला कळलंच आहे. तू सोडून आलेली नाहीस, मुदत संपली आहे, त्यामुळे स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याचा बारा आठवड्यांपर्यंत जो भत्ता अडकवतात तो प्रश्न तुझ्या बाबतीत येत नाही. पण नोकरी संपायच्या तीन महिने आधी "आर्बाइटझूखेंड", म्हणजे काम शोधतेय, असं कळवावं लागतं. तुझ्या हिशोबाने ३० जून. आज बारा तारीख आहे! उशीर केलास तर एक आठवड्याचा भत्ता जातो. हे फोनवर किंवा ऑनलाइन होतं, दहा मिनिटांचं काम आहे. बेकार म्हणून खरी नोंदणी वेगळी, ती पहिल्या दिवसापर्यंत करायची, प्रत्यक्ष जाऊन किंवा इलेक्ट्रॉनिक ओळखपत्राने ऑनलाइन. दोन्हींत गल्लत करू नकोस, खूप जण करतात.

नील ऑक्टोबरात तीन वर्षांचा होईल. तू म्हणतेस, अजून वर्ष-दोन वर्षं घरी राहू, मग बघू. राहायचं तर राहा, त्यात मी काही बोलणार नाही. पण आता २०२० पासून मागचे तीस महिने बघतात, माझ्या वेळेपेक्षा सहा महिने जास्त. म्हणजे तिसऱ्या वाढदिवसानंतर साधारण दीड वर्षात नोंदणी केलीस तर ठीक, पुढे गेलीस तर माझ्यासारखंच कॅलेंडर बघावं लागेल. आत्ता नोंदवलंस तर तुझी आधीची नोकरी आणि ही तीन वर्षं धरून बारा महिन्यांचा हक्क बसतो. मूल असल्यामुळे हातात येणाऱ्या पगाराच्या साठऐवजी सदुसष्ट टक्के. आरोग्यविमाही ते भरतात.

एक गोष्ट मात्र तुला खटकेल. दोन वर्षांत तुझ्या हातात पगार आला नाही, म्हणून जुना पगार न धरता शिक्षणाप्रमाणे ठरवलेला मानीव पगार धरतात. चार गट आहेत, विद्यापीठाची पदवी लागणाऱ्या कामाचा गट सगळ्यात वर. म्हणून मास्टर्सचं सर्टिफिकेट, संस्थेचं अनुभवपत्र सगळं फाइलीत लाव, आणि तुझ्या शिक्षणाच्याच कामासाठी नाव लिहून घ्या असं ठामपणे सांग. कमी शिकलेलीचं काम चालेल असं भिडेपोटी म्हणू नकोस. आणि तास विचारतील तेव्हा विचार करून सांग. वीस तास म्हणालीस तर रक्कम त्या प्रमाणात कमी होते. नीलची किटा, म्हणजे पाळणाघर, सप्टेंबरात सुरू होतेय, नील रुळला आणि अमेयने संध्याकाळचे दोन दिवस घेतले तर तीस जमतील का, हे दोघांनी बसून ठरवा. जमणार नसेल तर खोटं सांगू नकोस. काम आलं आणि तू गेली नाहीस तर ते योग्य नाही, ते पैसे काम शोधणाऱ्या माणसासाठी आहेत.

टॅक्स क्लासचंही, म्हणजे पगारातून कर किती कापायचा त्या गटाचंही, अमेयला विचार. तू पाचमध्ये आहेस, तिथे कर जास्त कापतात, तो तीनमध्ये. भत्ता मोजताना मुळात वर्षाच्या सुरुवातीचा क्लास धरतात, त्यामुळे पाचवाल्या बाईच्या हातात कमी येतं. या वर्षी बहुतेक उशीर झालाय, तरी विचारून ठेव.

तुझी ती नाशिकची मैत्रीण बाळाला घेऊन वर्षभर आजीकडे राहायला जाणार आहे ना? तिला तिकीट काढायच्या आधी हे सांग. मुलासह मुक्काम तिकडे हलला तर तो काळ विम्यात धरला जाईलच असं नाही. महिना-दीड महिन्याची सुट्टी वेगळी.

नव्या कोर्ससाठी बिल्डुंग्सगुटशाइन, म्हणजे शिक्षणाच्या खर्चाचं व्हाउचर, मिळू शकतं, तेही विचार. तुला डेटाचं काही शिकायचं होतं ना? तीन वर्षांत तुझं शिक्षण गंजलं असं तू म्हणतेस ते मला मान्य नाही. पण तुला स्वतःला खात्री वाटायला हवी, म्हणून शिक.

गुरुवारी सकाळच्या गाडीने मी फ्रँकफर्टला येते. नीलला मी बागेत नेईन, तू तेवढ्यात फोन कर. कॉन्ट्रॅक्ट, नीलचा जन्मदाखला आणि पगाराच्या जुन्या स्लिपा टेबलावर काढून ठेव, बाकी आपण दोघी बघू. मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी आणतेय, तूप तुझ्याकडे आहे का ते कळव.

तुझी,
आई